आधी जागेवर या, मग ठराव करा : आमच्या नगरपरिषदेला खुले पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक-नगरसेविका आणि मुख्याधिकारी,
आमची नगरपरिषद.

विषय : स्टँड रस्त्याचं पुन्हा डांबरीकरण, कचरा प्रकल्पाच्या जागेलगतची वाढीव जमीनखरेदी आणि सफाई कामगारांची कपात, या तीन ठरावांची अंमलबजावणी थांबवण्याबाबत.

महोदय,

नगरपरिषदेच्या फाटकासमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. तुमच्या आवक-जावक टेबलावर येणारे कितीतरी अर्ज आधी माझ्या टेबलावरून गेलेले असतात. नळजोडणी, घरपट्टीवरचं नाव बदलणं, तुंबलेलं गटार, बंद पडलेला दिवा, मोडलेली फरशी. ‘सविनय अर्ज करतो की’ हे शब्द माझी बोटं आता आपोआप उमटवतात. हा अर्ज मात्र माझा आहे, आणि तो गावातल्या सगळ्यांनी वाचावा म्हणून उघड लिहिते आहे.

मागच्या सर्वसाधारण सभेला मी नागरिकांच्या बाकावर बसले होते. स्टँड रस्त्याचं फेरडांबरीकरण मंजूर झालं. कचरा प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीला लागून आणखी एक पट्टी विकत घेण्याचा विषय मंजूर झाला. आणि ‘आर्थिक परिस्थिती पाहता’ सफाईच्या ठेक्यातली माणसं कमी करण्याचा विषयही मंजूर झाला. तिन्हींवर एकाही सदस्याने एकही प्रश्न विचारला नाही. कोणी असंही म्हणालं नाही की आपण एकदा जाऊन बघून येऊ.

मला तुमचं वाईट चिंतायचं नाही. चार वर्षं इथे प्रशासक होते. तक्रार सांगायला नगरसेवक नव्हता, सभेत बसून ऐकायची सोय नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये आदेश दिल्यावर कुठे निवडणुकांची वाट मोकळी झाली आणि डिसेंबरमध्ये आम्ही रांगा लावून मतदान केलं. माझ्या मुलाचं ते पहिलं मतदान. बोटावरची शाई त्याने आजीला दाखवली होती. म्हणून सांगते, रस्त्याचं आणि जमिनीचं पहिलं काम तुमच्या काळातलं नाही हे मला माहीत आहे. पण आता त्यावर जे ठराव झाले, ते तुमचे आहेत.

आधी रस्ता, कारण तो माझ्या घरात शिरला आहे.

स्टँडपासून जुन्या वेशीपर्यंतचा रस्ता 2025 च्या मार्चमध्ये डांबरी झाला. आर्थिक वर्ष संपायला आलं होतं, रात्री दिवे लावून काम चाललं. मेमध्ये त्याच रस्त्याच्या डाव्या अंगाने पाण्याच्या पाइपलाइनसाठी चर खणला गेला. रस्ताही नगरपरिषदेचा, पाइपलाइनही नगरपरिषदेची. दोन्हींच्या फायली एकाच मजल्यावर, मधे एक लाकडी पार्टिशन. तरी रस्ता करणाऱ्याला चर माहीत नव्हता आणि चर खणणाऱ्याला रस्ता कालचा आहे याचं काही वाटलं नाही. पाइप टाकल्यावर निघालेली माती तशीच आत लोटली. ना थर दिले, ना पाणी मारलं, ना रोलर फिरवला. जूनच्या पहिल्या दोन-तीन पावसांत माती बसली आणि जिथे चर होता तिथे लांबच लांब खाच पडली.

माझे मिस्टर दुधाचा रतीब घालतात. ऑगस्टमधल्या एका पहाटे, साडेचारच्या सुमाराला, दोन्ही बाजूंना किटल्या अडकवलेली गाडी त्या खाचेत गेली. वर पाणी साचलेलं, रस्ता सपाट दिसत होता. घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं, प्लेट टाकावी लागली. दूध वाहून गेलं ते वेगळंच. तीन महिने ते घरात बसून होते. बारावीतला मुलगा पहाटे उठून निम्मा रतीब घालायचा आणि मग कॉलेजला जायचा. उरलेल्या गिऱ्हाइकांनी पिशवीचं दूध सुरू केलं, ती परत आली नाहीत. त्यांचं काय चुकलं? पहाटे चहा लागतोच.

तेव्हाच मी पहिला अर्ज दिला. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे. उत्तर आलं नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, बांधकाम खात्यात मैलकुली होते. आता ही जागा आणि हा शब्दही नव्या पोरांना माहीत नाही. ठरावीक मैलांचा रस्ता एका टोळीकडे असायचा. कडेचं गवत काढायचं, साइडपट्टी भरायची, मोरीतला गाळ उपसायचा, खड्डा लहान आहे तोवर बुजवायचा. मिस्टरांना घरी आणल्यावर अण्णा काठी टेकत त्या जागी गेले, बराच वेळ उभे राहिले आणि परत येऊन मला म्हणाले, “खड्डा पडला नाही गं, तो ठेवलाय.”

खड्डा कसा भरतात हे त्यांनी मला दुकानातल्या कोऱ्या कागदावर काढून दाखवलं. आधी तो चौकोनी कापायचा, कडा उभ्या ठेवायच्या. तिरक्या कडेवर माल टिकत नाही, चाकाखाली सरकतो. आतलं पाणी, माती, सुटी खडी सगळी काढायची आणि झाडून कोरडं करायचं. तळाला आणि कडांना डांबराचा पातळ हात द्यायचा. मग डांबरात मळलेली खडी थराथराने घालायची आणि प्रत्येक थर दुरमुसाने ठोकायचा. वरचा थर रस्त्यापेक्षा किंचित उंच ठेवायचा, कारण गाड्यांनी तो दबतो. आमच्या रस्त्यावर काय झालं? गणपतीच्या आधी ट्रॅक्टर आला, ट्रॉलीतून मुरूम आणि विटांचे तुकडे खाचेत ओतले, फावड्याने पसरले आणि ट्रॅक्टर गेला. मिरवणूक गेली, दोन पाऊस झाले, मुरुमाचा चिखल झाला आणि विटांचे तुकडे रस्ताभर पसरले. त्या तुकड्यांवरून आणखी दोघं घसरली. त्यातल्या एक माझ्याकडे विम्याच्या कागदांची झेरॉक्स काढायला आल्या होत्या, म्हणून मला कळलं.

दुसरी गोष्ट उताराची. अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे डांबरी रस्ता मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता हवा. मधल्या रेषेपासून कडेपर्यंत तीन मीटर असतील तर चार बोटं उतार, म्हणजे सहा-सात सेंटिमीटर. डांबराला गाडीपेक्षा साचलेलं पाणी जास्त खातं. आम्ही दोघांनी दोरी आणि पाण्याची लेव्हल घेऊन माझ्या दुकानासमोर मोजलं. आमच्या रस्त्याचा उतार कडेकडून मधे येतो. पाणी गटारात जात नाही, मधोमध थांबतं.

आणि तिसरी गोष्ट माझ्या पायऱ्यांची. मी दुकान घेतलं तेव्हा रस्त्यावरून आत यायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. आज एक उरली आहे. जुना थर खरवडून न काढता त्यावर नवा, त्यावर आणखी नवा असं करत रस्ता वर आला. पलीकडच्या आळीत दोन घरांचे उंबरे रस्त्याच्या खाली गेले आहेत. पावसाळ्यात त्या घरांत दाराला आडवी फळी आणि मातीची पोती लावतात. आता तुम्ही याच रस्त्यावर पुन्हा एक थर मंजूर केलात. तो पडला की माझी उरलेली पायरीही जाईल आणि त्या दोन घरांचं काय होईल ते मला सांगवत नाही.

मुख्य प्रश्न असा आहे की हे काम परत नगरपरिषदेच्या पैशातून का? रस्त्याच्या ठेक्यात दोष दायित्व कालावधी असतो. त्या मुदतीत रस्ता बिघडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो, नाही तर त्याच्या सुरक्षा ठेवीतून पैसे वळते करायचे असतात. आणि चर ज्याने खणला त्याच्या कामात रस्ता पूर्ववत करण्याची रक्कम धरलेली असेल, तर ती कुठे गेली? मी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा स्टँप लावून तीन कागद मागितले : रस्त्याचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी आणि दोष दायित्वाची मुदत. कायद्यात 30 दिवस आहेत. उत्तर आलं ते असं : ‘सदर अभिलेख कार्यालयात आढळून येत नाहीत.’ वर्षभरापूर्वी ज्याचं बिल निघालं त्याचे कागद आढळत नाहीत, आणि ते न पाहताच त्याच रस्त्याचं नवं काम मंजूर होतं. मी पहिलं अपील केलं आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलं असेल, पण लिहून ठेवते. मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्येच सांगितलं की चांगला, सुरक्षित रस्ता हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. 13 ऑक्टोबर 2025 च्या निकालात त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये आणि जखमीला दुखापतीप्रमाणे 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायला सांगितलं. खड्डा कळवल्यापासून 48 तासांत त्याची दखल घ्यायची, आणि भरपाईचा पैसा जबाबदार अधिकारी व ठेकेदार यांच्याकडून वसूल करायचा, असंही त्यात आहे. निकालाची प्रत माझ्या दुकानाच्या काचेवर चिकटवली आहे. लोक थांबून वाचतात आणि विचारतात, “ताई, हा अर्ज कुठे द्यायचा?” मी तुमच्या कार्यालयात दोनदा विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही.

आता जमिनीकडे येते.

जुन्या डेपोचा धूर शाळेच्या वर्गात जातो. त्यामुळे कचऱ्यासाठी नवी जागा हवी होती याबद्दल माझं काहीही दुमत नाही. शाळेच्या मुलांच्या सह्यांचं निवेदन मीच टाइप केलं होतं, पैसे न घेता. पण घेतलेली जागा मी पाहून आले आहे. तुमच्यापैकी कितीजण तिथे गेलात?

मी आणि माझा भाऊ रविवारी गेलो. पक्का रस्ता सुटल्यावर पुढे पांदण आहे, बैलगाडीच्या चाकोरीची. दोन्ही बाजूंना घाणेरीचं रान. भावाने मोटारसायकल अर्ध्यावर लावली आणि पुढे आम्ही चालत गेलो. पाऊस पडून चार दिवस झाले होते तरी चिखल घोट्याच्या वर येत होता. तिथून भरलेली घंटागाडी कशी जाणार? हे जमीन घेण्याआधी दिसलं नाही का? दिसलंच असेल तर रस्त्याचा खर्च त्याच वेळी का धरला नाही? आता म्हणे शेजारची पट्टी विकत घ्यायची, म्हणजे गाड्यांना वाट होईल. एका खरेदीतली उणीव झाकायला दुसरी खरेदी. आणि पट्टीचा मालक भाव काय सांगेल? त्याला ठाऊक आहे की तुमच्याकडे दुसरी वाटच नाही.

कुंपणाच्या कोपऱ्यातल्या खांबापासून खालच्या शेतातली विहीर आम्ही अण्णांच्या तीस मीटरच्या टेपने मोजली. चार वेळा टेप पूर्ण ताणला गेला नाही. म्हणजे 120 मीटरच्या आत विहीर आहे, आणि त्या विहिरीवर वाडीतली चार घरं पाणी भरतात. जागा घेतली तेव्हा लागू असलेल्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत, कचऱ्याची भरावभूमी पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून आणि वस्तीपासून 200 मीटर लांब असावी असं लिहिलेलं आहे. नदीपासून 100 मीटर, तळ्यापासून 200 मीटर. हे अंतर कोणी मोजलं? मोजलं असेल तर तो नकाशा दाखवा. विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या आजींनी आम्हाला विचारलं, “तुम्ही नगरपरिषदेचे का?” आम्ही नाही म्हटल्यावर म्हणाल्या, “मग अजून कोणीच आलं नाही.”

बाहेर जमीन घ्यायला पैसे आहेत, तर गावातल्या आरक्षणांसाठी का नाहीत? आमच्या पेठेमागची मोकळी जागा विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी राखलेली आहे. संध्याकाळी तिथे अजूनही पोरं क्रिकेट खेळतात. नगररचना कायद्याच्या कलम 127 प्रमाणे आराखडा लागू होऊन 10 वर्षांत जागा घेतली नाही तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो, आणि सूचनेनंतर 24 महिन्यांत जागा घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. मग ती जागा मालकाची, तो तिथे कायद्याने इमारत बांधू शकतो. या मैदानाची खरेदी सूचना आली आहे. हे मला मालकाच्या मुलाकडून कळलं, कारण सूचनेची झेरॉक्स त्याने माझ्याकडेच काढली. मला त्याचा राग नाही. इतकी वर्षं जागा अडकवून ठेवली, मोबदला दिला नाही, त्याने काय करावं? राग याचा आहे की तुमच्या एकाही सभेच्या विषयपत्रिकेवर हे मैदान आलेलं मी पाहिलं नाही. कलम 126 मध्ये तीन वाटा दिलेल्या आहेत : समजुतीने रक्कम ठरवून घेणं, पैशाऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क देणं, किंवा 2013 च्या भूसंपादन कायद्याने घेणं. तिसरी वाट सगळ्यांत महाग, कारण तिच्यात बाजारभावावर 100 टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते. पण टीडीआर देऊन मैदान मिळत असेल तर मालकाशी एकदा बोलायला काय हरकत होती? महिने मोजलेले आहेत. उद्या तिथे पाया खणला गेला की मैदान परत कुठून आणणार?

तिसरा ठराव माणसांचा. मला सगळ्यांत जास्त तोच लागला.

नगरपरिषदेचं बांधकाम खातं एका कनिष्ठ अभियंत्यावर चालतं. त्यांच्याकडे शेजारच्या गावाचाही अतिरिक्त पदभार आहे. आठवड्यातून तीन दिवस ते इथे असतात. मी त्यांना दोष देत नाही. मार्चमध्ये रात्री रस्ता होत होता तेव्हा डांबराचं तापमान बघायला, थराची जाडी मोजायला जागेवर कोण होतं? पाइपलाइनचा चर बुजवताना कोण होतं? जमिनीची पाहणी कोणी केली? रस्ता, जमीन आणि माणसं हे तुमच्या विषयपत्रिकेवर तीन वेगळे विषय आहेत. बाहेरून बघताना मला एकच दिसतो : जागेवर माणूस नाही. राज्यसंवर्गातली पदं शासन भरतं हे मला समजतं. पण रिक्त पदांची मागणी नगरपरिषदेने किती वेळा पाठवली, त्याचा पाठपुरावा कोणी केला, हे तुम्ही सांगू शकता.

आणि सफाईचे लोक. आमच्या गल्लीत झाडणाऱ्या मावशी सकाळी सहाला येतात. मागच्या महिन्यात त्या पासबुक घेऊन दुकानात आल्या. “यातली सगळी पानं काढ,” म्हणाल्या. मी विचारलं कशाला, तर म्हणाल्या दोन महिन्यांचा पगार नाही आणि फंडाचे पैसे कापतात पण भरत नाहीत असं कोणीतरी सांगितलं, ते दाखवायचं आहे. मशीनमधून पान बाहेर आलं. शेवटची पगाराची नोंद दोन महिन्यांपूर्वीची, त्याखाली पन्नास आणि शंभर रुपये काढल्याच्या नोंदी, आणि शिल्लक रकमेच्या जागी दोन आकडी संख्या. त्या कागद हातात घेऊन उभ्या होत्या आणि हाताला चिंधी गुंडाळलेली होती. काच लागली होती. हातमोजे मिळत नाहीत का म्हटलं, तर म्हणाल्या दिवाळीला एक जोड दिला होता.

मी घरपट्टी भरायला उशीर केला तर तुम्ही महिन्याला 2 टक्के शास्ती लावता. बिलावर छापलेलं असतं. मी भरते, तक्रार नाही, गाव चालायला पैसा लागतो. पण मावशींचा पगार दोन महिने लांबला तर ठेकेदाराला काय लावता? त्याचं बिल काढताना पगारपत्रक आणि फंड भरल्याचं चलन बघता का? काम करून घेणारी मूळ मालक नगरपरिषद आहे. ठेकेदाराने दिलं नाही तर ते देण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. आणि अशा वेळी तुम्ही ठरवता की माणसं जास्त आहेत, कमी करा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता. तो आमच्याकडे कशावर खर्च झाला, हे एकदा गावासमोर वाचून दाखवा. मग सांगा की पैसे नाहीत.

दोन माणसांच्या जागी एक केला की काय होतं ते मी रोज बघते. मावशींचा पट्टा पूर्वी आमच्या गल्लीपुरता होता. आता बाजारही त्यांच्याकडे आला आहे. सोमवारच्या बाजारानंतर कोथिंबिरीच्या काड्या, सडके टोमॅटो, प्लॅस्टिक हे सगळं मंगळवारी दुपारपर्यंत पडून असतं. ते गटारात जातं, गटार तुंबतं, पाणी रस्त्यावर येतं, आणि रस्त्याला उतार उलटा असल्यामुळे मधोमध साचतं. तिथेच परत खड्डा पडतो. सफाईची माणसं कमी करून जे वाचवाल ते पुढच्या मार्चमध्ये डांबरात जाईल.

माझ्या मागण्या अशा.

स्टँड रस्त्याच्या फेरडांबरीकरणाचा कार्यारंभ आदेश देऊ नका. आधी 2025 च्या कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि दोष दायित्वाची मुदत शोधा आणि सूचना फलकावर लावा. मुदत चालू असेल तर ठेकेदाराकडून दुरुस्त करून घ्या, चराचा भाग ज्याने खणला त्याच्याकडून. नवं काम करायचंच असेल तर जुना थर खरवडून, उतार गटाराकडे देऊन करा, आणि जमिनीखालची सगळी कामं आटोपल्याचं लेखी घेतल्याशिवाय वर डांबर टाकू नका. तोपर्यंत निदान ती खाच नीट बुजवा, अण्णांनी सांगितली तशी. त्याला निविदा लागत नाही.

खड्ड्यांच्या भरपाईचा अर्ज कुठे द्यायचा, किती दिवसांत निकाल मिळेल, हे कार्यालयाच्या दारावर मराठीत लिहून लावा.

जादा पट्टीची खरेदी थांबवा. पहिल्या खरेदीचा मूल्यांकन अहवाल, विहीर व वस्तीपासूनच्या अंतरांचा मोजणी नकाशा आणि ही रक्कम कोणत्या निधीतून गेली ते जाहीर करा. जागा नियमात बसत नसेल तर आणखी पैसे घालण्याआधी तसं मोकळेपणाने सांगा. चूक मान्य केली तर गाव तुम्हाला धरून मारणार नाही.

मैदानाच्या खरेदी सूचनेचा विषय पुढच्याच सभेत घ्या. गावात किती आरक्षणांच्या सूचना आल्या आहेत आणि कोणाची मुदत कधी संपते, याची यादी द्या.

सफाई कामगारांची कपात रद्द करा. थकलेला पगार या महिन्यात द्या. ठेकेदाराचं बिल फंडाच्या चलनाशिवाय काढू नका. हातमोजे, गमबूट, मास्क हे दिवाळीची भेट म्हणून नव्हे, झिजले की लगेच द्या. आणि इथे पूर्णवेळ बसणारा अभियंता मिळावा म्हणून शासनाकडे ठराव पाठवा. त्या ठरावावर सगळ्या पक्षांच्या सदस्यांनी सह्या केल्या तर आम्हालाही बळ येईल.

नगरपरिषदेचा ठराव नगरपरिषद कायद्याच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी स्थगित करू शकतात, हे मला ठाऊक आहे. तो अर्जही मी टाइप करू शकते. पण आधी तुमच्याकडे आले आहे, कारण मतं आम्ही तुम्हाला दिली आहेत.

पुढच्या सर्वसाधारण सभेच्या दिवशी मी दुकान बंद ठेवणार आहे. सभा अकराला असते. त्या दिवशी सकाळी सात वाजता अण्णा आणि मी स्टँडसमोरच्या चराजवळ टेप, दोरी आणि लेव्हल घेऊन उभे असू. रस्ता मोजून झाला की तिथूनच विहिरीकडे जाऊ. भावाने ट्रॅक्टर सांगून ठेवला आहे, कारण पांदणीत दुसरं काही जात नाही. ट्रॉलीत सतरंजी घालू, दहा-बारा माणसं सहज मावतील. दहा वाजेपर्यंत सगळ्यांना परत आणून सोडू.

आपली,
प्रभागातली एक करदाती,
फाटकासमोरचं झेरॉक्सचं दुकान